उपासनेला न येणाऱ्यांना नोटीस पाठवायची, की त्यांच्या घरी जायचं?

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीपुढे सध्या एक ठराव आहे. जे सभासद वर्षभर उपासनेला आलेले नाहीत आणि ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांना पत्र पाठवायचं, उत्तर आलं नाही तर नाव कमी करायचं. पत्राचा मसुदाही तयार आहे. वर बायबलमधलं इब्री १०:२५ चं वचन, खाली थकबाकीचा आकडा. मी कमिटीत महिला संघाची प्रतिनिधी आहे आणि माझा या पत्राला विरोध आहे. बैठकीत तो मांडला, ठराव पुढच्या बैठकीवर गेला. तोवर तुमचे अनुभव हवे आहेत, म्हणून हा धागा.

वचनाबद्दल माझी तक्रार नाही. एकत्र मिळणं सोडू नये हे खरंच आहे. पण त्याच्या लगेच आधीचं वचन, इब्री १०:२४, काय सांगतं? एकमेकांकडे लक्ष द्या, प्रीतीला आणि चांगल्या कामांना एकमेकांना उत्तेजन द्या. आधी लक्ष द्या, मग एकत्र या. मसुद्यात चोविसावं वचन गाळून थेट पंचविसाव्यावर उडी मारली आहे. मला सगळा आजार तिथेच दिसतो.

सभासदांचं रजिस्टर घेऊन मी एकेका नावापुढे माहीत असलेलं कारण लिहायला बसले. देवावरचा विश्वास उडाला म्हणून येणं सोडलं असं एकही नाव सापडलं नाही. एका विधवा बाईंना गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. एका घरात तरुण मुलगा गेला, त्याच्या मातीच्या वेळी जागेवरून आणि थकबाकीवरून शब्दाला शब्द लागला, ते घर त्या दिवसापासून आलं नाही. एकजण कमिटीच्या निवडणुकीत पडले, त्यांच्याबरोबर भाऊ, पुतणे, सुना सगळेच थांबले. एका मुलीला तिच्या कपड्यांवरून भर व्हरांड्यात ऐकवलं गेलं. एकाचं दुकान बुडालं, दानार्पणाच्या वेळी पाकिटात काही घालता येत नाही म्हणून लाज वाटते. आणि काही नावांपुढे मला काहीच लिहिता आलं नाही. ते का येत नाहीत हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही.

माणूस एका दिवसात जात नाही. आधी मधले रविवार सुटतात, मग प्रभुभोजनाचाही (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचा) रविवार सुटतो, मग नाताळ आणि गुड फ्रायडे उरतो, शेवटी लग्न आणि माती. यात दोन-तीन वर्षं जातात. त्या काळात त्या घरी मंडळीतून कोण गेलेलं असतं? कापणीच्या सणाआधी पावतीपुस्तक घेऊन एकजण आणि निवडणुकीआधी मत मागायला दुसरा. पाळकसाहेब जातात ते आजारपणाचा निरोप आला तर. असं असताना पहिलं पत्र थकबाकीचं गेलं, तर त्या घरानं काय समजायचं?

तुमच्याकडे काय होतं ते मोकळेपणानं लिहा. ज्यांनी येणं थांबवलं आहे त्यांनी तर नक्कीच लिहा, खऱ्या नावाची गरज नाही. मंडळ्यांची नावं मात्र घेऊ नका.

मिरजकर सिस्टर (मिरज)

ताई, न येणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव असणार.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी इथं १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आमच्या समाजातल्या कितीतरी घरांच्या मुली नर्सिंगला गेल्या. माझी आजी, आई, आता मी. आजीच्या वेळी दिवसाची सुरुवातच वॉर्डातल्या प्रार्थनेनं व्हायची, भजनी पेटी तिथेच ठेवलेली असायची. रविवारी ड्युटी असली तरी उपासना चुकली असं वाटत नसे. आता आम्ही खाजगी हॉस्पिटलांत आहोत. रोस्टर लावणाऱ्याला रविवार आणि मंगळवार सारखेच. नाइट सकाळी आठला सुटते, हॅन्डओव्हर देऊन घरी यायला नऊ होतात. साडेनऊच्या उपासनेला मी बसले तर उपदेशात डोळे मिटतात आणि मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू येते.

मध्यंतरी एक पाळकसाहेब होते. त्यांनी आम्हा नर्सेससाठी बुधवारी संध्याकाळी एका घरी अर्ध्या तासाची उपासना सुरू केली. एक गीत, एक वाचन, प्रत्येकीनं आपल्या पेशंटसाठी प्रार्थना. महिन्यातून एकदा ते प्रभुभोजनही तिथेच देत. जागा पुरत नसे. त्यांची बदली झाली, नव्या साहेबांना कुणी सांगितलंच नाही, आणि ते बंद पडलं. पाळक बदलला की चांगली गोष्टही त्याच्याबरोबर का जावी? कमिटी तर तीच होती.

जुना वडील (सांगली)

अजिंक्यतारा ताई, तुमची कळकळ पोचली. पण मी बरीच वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. राग मानू नये.

दिवाबत्ती, शिपायाचा पगार, पत्रे गळतात त्याची दुरुस्ती, डायोसिसला (बिशपांच्या विभागाला) द्यायची रक्कम, पाळकांच्या पगारातला आपला वाटा. हे सगळं दर रविवारी येणारी तीस-चाळीस घरं उचलतात. बाकीच्यांना चर्च आठवतं ते लग्नाची तारीख हवी असते तेव्हा. त्या वेळी मात्र फुलांची सजावट, बँड, शूटिंग यावर हात आखडत नाही. दर महिन्याला येणारं म्हातारं जोडपं पेन्शनीतून दशांश बाजूला काढतं, त्यांना आम्ही काय सांगायचं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. निवडणूक जाहीर झाली की एकाच दिवशी कुणीतरी वीस-पंचवीस जणांची थकबाकी एकदम भरतो. ही माणसं कधी उपासनेत दिसलेली नसतात, मतदानाला येतात आणि कमिटी बदलते. त्या कमिटीच्या हातात जागा असतात, भाडी असतात, सह्या असतात. मतदानाला हजेरीची आणि वर्गणीची अट घालणारा नियम याच कारणासाठी आला. नियम नको म्हणाल तर मंडळी अशा लोकांच्या हाती जाईल.

अजिंक्यतारा (सातारा)

काका, राग कसला? तुम्ही मांडलेला निवडणुकीचा मुद्दा आमच्याकडेही घडलेला आहे आणि त्यावर माझं तुमच्याशी एकमत आहे. मतदारयादीला हजेरीची आणि वर्गणीची अट असू द्या, ती काटेकोर पाळा.

माझं म्हणणं इतकंच, की मतदारयादी वेगळी आणि पाळकीय देखरेखीची यादी वेगळी. पहिलीतून नाव गेलं तरी दुसरीतून जाता कामा नये. आज आपण एकच वही ठेवतो, तीही खजिनदाराच्या कपाटात. म्हणून माणूस थकला की थकबाकीदार होतो आणि थकबाकीदार झाला की परका होतो. दुसरी वही केली तर तिच्यात पैशाचा रकाना नसेल. कोण आजारी, कुणाच्या घरी कोण गेलं, शेवटची भेट कधी, कुणाची पोरं पुण्याला, एवढंच. यहेज्केल ३४ मध्ये देव मेंढपाळांना जाब विचारतो तो याच यादीबद्दल. दुर्बळाला बळ दिलं नाहीत, जखमीला पट्टी बांधली नाहीत, हरवलेल्याला शोधलं नाहीत. तिथे कळपाला दोष दिलेला नाही.

सिस्टर, तुमची बुधवारची उपासना मी आमच्या बैठकीत मांडणार आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

मी दुसऱ्या फेलोशिपमध्ये (छोट्या स्वतंत्र मंडळीत) जातो, आधीच सांगतो. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न सगळं जुन्या मंडळीत झालं. माझे आजोबा तिथे घंटा वाजवायचे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमचं घर छतापर्यंत बुडालं. आम्ही पाहुण्यांकडे. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, मेलेल्या जनावरांचा वास, भिजलेलं धान्य. मंडळीतर्फे मदत आली, ते नाकारत नाही. पण ती रांगेत, चर्चच्या आवारात, नाव आणि सभासद क्रमांक विचारून, किट हातात देताना फोटो काढून. माझी वर्गणी राहिली होती. ज्यांनी नाव लिहून घेतलं त्यांनी ती आठवणही तिथेच करून दिली.

त्याच आठवड्यात आठ-दहा पोरं फावडी आणि पाट्या घेऊन गल्लीत आली. कुणाचं घर कुठल्या धर्माचं हे न विचारता गाळ काढत होती. आमच्या घरी दोन दिवस राबली. कोण म्हणून विचारलं तर एका छोट्या फेलोशिपची निघाली. पुढच्या महिन्यात बायको म्हणाली, त्यांच्याकडे एकदा जाऊन येऊ. गेलो, राहिलो.

जुन्या मंडळीतून आम्हाला परत बोलवायला कुणीही आलं नाही. पण व्यासपीठावरून 'लोक कळप चोरतात' असा संदेश झाला, तो व्हॉट्सॲपवर आमच्यापर्यंत पोचला. आम्हाला कुणी चोरलं नाही. आम्ही गाळात उभे होतो आणि जो हात पुढे आला तो धरला.

इथेही सगळं गोड नाही. सगळा कारभार एका पास्टरच्या हातात, हिशेब कुणी विचारत नाही, आणि आजार बरा झाला नाही तर तुमचाच विश्वास कमी असं म्हणतात. बायकोच्या शुगरवरून ते ऐकलं आहे. आजोबांच्या मंडळीतली ती जुनी पदं अजून आठवतात. पण थकबाकीच्या पत्रावर मी परत जाणार नाही.

तासगावकर (तासगाव)

आमचं दुखणं वेगळं हाय. द्राक्षबागवाला माणूस ऑक्टोबर छाटणी झाली की जानेवारीपर्यंत बागेचा गुलाम. दव पडलं, ढग आलं की डाउनीची भीती, पहाटेपासून ब्लोअर चालू. रविवार म्हणून बुरशी थांबत न्हाय. दहाच्या उपासनेला तासगावातनं निघून पोचायचं कसं? एप्रिलात खरड छाटणीचीबी तीच गत. आमच्या वाडीवर ख्रिस्ती घरं चार. पाळकसाहेबांनी वर्षातनं दोनदा रात्री आठला इथं येऊन उपासना घेतली, तर शेजारची माणसंबी मांडीला मांडी लावून बसली. ज्याला त्याला त्याच्या कामाच्या येळंला गाठा, एवढंच मागणं.

शाहूपुरीचा (मूळ सातारा, सध्या पुणे)

वय २७, आयटीत आहे, आधी एमपीएससी केली. एमपीएससीवाल्यांना एक सांगतो, परीक्षा बहुतेक रविवारीच असते आणि क्लासची टेस्ट सिरीजही रविवारीच. तेव्हापासून माझं येणं तुटलं. पण ते निमित्त होतं, कारण नव्हतं.

कारण हे, की मी लहानपणापासून चर्चच्या जागेचा कोर्टातला दावा ऐकत मोठा झालो. जेवताना दावा, प्रवासात दावा, नाताळच्या फराळावर दावा. वडील एका गटात, माझ्या संडे स्कूलच्या टीचर दुसऱ्या गटात, म्हणून मी त्यांना सलाम करायचा नाही असं घरात सांगितलेलं. ज्यांनी मला परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शिकवली त्यांच्याशी बोलायचं नाही! एका रविवारी तर आवारात पोलिस बोलवावे लागले. त्यानंतर प्रभुभोजनाच्या वेळी 'एकमेकांना शांतीचा सलाम द्या' म्हटलं की माझ्या पोटात ढवळायचं.

तरुण संघात मी प्रश्न विचारायचो. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि कॉलेजातलं जीवशास्त्र यांचं काय करायचं, बायबलमधल्या निर्दोष ईयोबाची मुलं का मेली. उत्तर एकच, 'विश्वास ठेव, जास्त शिकलास.' मी नास्तिक नाही. प्रार्थना करतो. पुण्यात कधी कधी एका इंग्रजी उपासनेला मागे जाऊन बसतो, कारण तिथे माझे वडील कोणत्या गटाचे हे कुणाला माहीत नाही.

साताऱ्याला घरी आलो की चर्चमधली माणसं दोनच गोष्टी विचारतात, पगार किती आणि लग्न कधी. कुणीतरी एकदा विचारा की तू बरा आहेस का.

अजिंक्यतारा (सातारा)

शाहूपुरीचा, तू बरा आहेस का? मी खरंच विचारते आहे. पुढच्या वेळी आलास की चहाला ये, गटाचा विषय निघणार नाही. तुझे ईयोबाचे प्रश्नही घेऊन ये. माझ्याकडे तयार उत्तरं नाहीत, पण ईयोबाकडे तरी कुठे होती? देवानं त्याला प्रश्न विचारल्याबद्दल दूर केलं नाही. उलट तयार उत्तरं देणाऱ्या त्याच्या मित्रांना बोल लावला.

तुझं वाचून एक इतिहास आठवला, तो आपल्या गावचा आहे आणि आपल्याच पोरांना माहीत नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि इथे साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. ख्रिस्तावर प्रीती करणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही. चर्चच्या चौकटीत न मावणाऱ्या माणसांसाठी एका पाळकानं, तोही उतारवयात, आपली सुरक्षित जागा सोडली. १९१९ मध्ये ते गेले आणि तो दरबार फार पुढे गेला नाही. त्यांची पदं मात्र आपण आजही दर रविवारी म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात हा विचार होऊ शकला, तर आज आपण नोटीस छापण्याच्या पुढे का जाऊ शकत नाही?

नाव नको (सातारा जिल्हा)

माझं लग्न हिंदू घरात झालं. रजिस्टर. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी मला कधीही प्रार्थनेपासून अडवलं नाही, गुड फ्रायडेला नवरा स्वतः सोडायला येतो. अडवलं ते माझ्या मंडळीनं. प्रभुभोजनाच्या रांगेत उभी होते, मंडळीतल्या एका वडिलांनी (एल्डरनी) बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुझा विषय कमिटीत व्हायचा आहे, तोवर बस. तो विषय आजपर्यंत झालेला नाही. मला कुणी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

शिस्तीला माझा विरोध नाही. पण नियम काय आहे ते लिहून द्या, मला समोर बसवून सांगा, माझं ऐका. रांगेतून बाजूला काढणं आणि मग विसरून जाणं ही शिस्त नाही.

अजून एक. मंडळीतल्या माणसाकडूनच ज्यांना इजा झाली आहे, पैशाची, अब्रूची, त्याहून वाईटही, त्यांना 'क्षमा करा आणि परत या' म्हणून घरभेटीला जाऊ नका. आधी चौकशी करा. ज्यानं केलं तो अजून पुढच्या बाकावर बसतो, मग ज्याला इजा झाली त्यानं समोर कसं यायचं?

मिरजकर सिस्टर (मिरज)

नाव नको, तुमचं शेवटचं वाक्य कमिटीवाल्या प्रत्येकानं वाचावं. शंभर टक्के सहमत.

कोर्टाची पायरी (सांगली)

एक कारण इथे कुणी लिहिलं नाही, कारण ते मोठ्यानं बोललं जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांच्या मागच्या पिढ्या गावकुसाबाहेरच्या होत्या, बाप्तिस्म्यानं ती सामाजिक वागणूक बदलली नाही, सवलत मात्र गेली. त्यामुळे ज्यांनी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही पण भक्ती ख्रिस्ताची करतात, अशी घरं आहेत. ती चर्चला येत, मागे बसत. आता येत नाहीत, कारण उपासनेचं फेसबुक लाइव्ह असतं, कॅमेरा सगळ्या बाकांवरून फिरतो आणि नव्या माणसाला उभं करून नाव विचारतात.

कागद लपवा किंवा खोटा करा असं मी कुणालाही सांगत नाही, उलट तसं करू नका असंच सांगतो. पण कॅमेरा फक्त व्यासपीठावर ठेवणं कमिटीच्या हातात आहे. नव्या माणसाला स्वतःहून बोलावंसं वाटेपर्यंत गप्प बसू देणंही आहे. अशा माणसाला भित्रा म्हणणाऱ्यानं आधी त्याच्या मुलाच्या फीचा विचार करावा.

सांगलीवाडी (सांगली)

मी कॅथलिक आहे, तुमच्या कमिट्या आमच्याकडे नसतात, पण रिकामी बाकं तशीच आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ जो सिनड (चर्चची विचारविनिमयाची सभा) घेतला त्याची सुरुवातच लोकांचं ऐकण्यापासून होती, दूर गेलेल्यांचंही. आमच्याकडे छोट्या गटांत बसून ऐकायचा नियम होता की एकजण बोलत असताना कुणी उत्तर द्यायचं नाही. मिस्साला (आमच्या उपासनेला) न येणाऱ्या एका काकांनी कोविडमध्ये पत्नी गेली तेव्हा अंत्यविधी धड झाला नाही हे पहिल्यांदा बोलून दाखवलं. आमच्या फादरांनी त्यांच्या घरी जाऊन तिच्या नावानं मिस्सा केली. ते आता येतात. दर रविवारी नाही, पण येतात.

जुना वडील (सांगली)

कोविडचं बरोबर आहे. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर आम्ही आयुष्यात पहिल्यांदा घरात केला. मग नोव्हेंबरात दारं उघडली, पुन्हा बंद, पुन्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली. तेवढ्या काळात म्हाताऱ्यांची सवय मोडली आणि पोरांना मोबाइलवर दहा मिनिटांचा संदेश पुरतो असं वाटू लागलं. त्या दीड वर्षात ज्या घरांत मृत्यू झाले त्यांच्याकडे सांत्वनाला जाताच आलं नव्हतं. नंतर जायला हवं होतं. आमच्या कमिटीत हा विषय मी मांडतो.

दोन वह्यांची कल्पना पटली, ताई. पण दुसरी वही सांभाळणार कोण? पाळकसाहेबांना वेळ नाही.

वाटेवरचा पाळक (सांगली जिल्हा)

हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे.

वेळेचं आधी सांगतो, कारण ते खरं आहे. माझ्याकडे एक मुख्य मंडळी आणि खेड्यांतल्या चार छोट्या. लग्नांचे कागद, दफनभूमीची परवानगी, डायोसिसची पत्रं, शाळेच्या बोर्डाची बैठक, कोर्टाची तारीख. आठवड्यातले दोन दिवस तर निव्वळ सह्यांत जातात. मी पाळक व्हायला सेमिनरीत गेलो आणि कारकून होऊन बसलो असं कितीदा वाटतं. म्हणून जुन्या वडिलांचा प्रश्न योग्य आहे.

पण घरभेट ही एकट्या पाळकाची गोष्ट नाही. वडील हे पद त्यासाठीच आहे. आमच्याकडे प्रत्येक वडिलाकडे आणि महिला संघातल्या एका ताईकडे मिळून दहा-बारा घरं दिली आहेत, जवळपासचीच. त्यांनी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा. पावतीपुस्तक न्यायचं नाही. 'का येत नाही' हा प्रश्न विचारायचा नाही. हा प्रश्न कितीही मऊ आवाजात विचारला तरी माणूस आरोपी होतो. घरात काय चाललं आहे ते विचारायचं आणि गप्प बसायचं. निघताना प्रार्थना करू का विचारायचं, नको म्हटलं तर नको. सुरुवातीला वडिलांनाच ते जड गेलं. हात मोकळे ठेवून कुणाच्या घरी जायची सवय राहिलेली नव्हती.

योहान २० मधला येशूचा शिष्य थोमा सगळ्यांना संशयी म्हणून माहीत. मला तो गैरहजर म्हणून जवळचा वाटतो. पहिल्या रविवारी संध्याकाळी येशू आला तेव्हा थोमा तिथे नव्हता. का नव्हता हे शुभवर्तमान सांगत नाही, आणि बाकीच्यांनी त्याला विचारल्याचंही लिहिलेलं नाही. ते त्याच्याकडे जाऊन म्हणाले, आम्ही प्रभूला पाहिलं. त्यानं अट घातली, वाद घातला, तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यात बसलेला आहे. त्या आठ दिवसांत कुणीतरी त्याला आपल्यात धरून ठेवलं असणार. आणि दुसऱ्या वेळी प्रभू आला तो थोमासाठीच आला.

नाव नको ताई, तुम्ही लिहिलेलं मी आमच्या वडिलांपुढे वाचून दाखवणार आहे, ओळख न सांगता. मत्तय ५ मध्ये वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं आहे, आणि ते सांगितलं आहे दान घेऊन आलेल्याला. म्हणजे जो चर्चमध्ये आहे त्यानं उठून जायचं आहे. जिथे अपराध झाला आहे तिथे समेटाआधी न्याय लागतो, आणि प्रकरण गुन्ह्याचं असेल तर कमिटीनं ते स्वतः मिटवू नये, पोलिसांकडे जाऊ द्यावं. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून दाबलं की त्या घरासोबत आणखी चार घरं उठतात.

काहीजण परत येणारही नाहीत. कृष्णाकाठसारख्यांनी यावं असा मी हट्ट धरणार नाही. तिथे ते प्रभूचं ऐकत असतील तर मला आनंद आहे. पण त्यांच्या पत्नीला आजारावरून कुणी अविश्वासू म्हणत असेल तर त्यांनी आमचं दार मोकळं समजावं. शुगरच्या गोळ्या घेणं हा विश्वासाचा अभाव नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

पाळकसाहेब, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना सलाम सांगा.

शाहूपुरीचा (मूळ सातारा, सध्या पुणे)

ताई, पुढच्या शनिवारी रात्रीच्या स्वारगेट एसटीनं येतोय. रविवारी दुपारी चहाला येतो. उपासनेचं अजून नक्की नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

उपासनेचं राहू दे, चहाचं नक्की ठेव.

सगळ्यांचं वाचून दुरुस्ती ठराव लिहिला आहे. मतदारयादीचा नियम आहे तसाच राहील. थकबाकीचं पत्र रद्द. देखरेखीची वेगळी वही, तिच्यात पैशाची नोंद नाही, जबाबदारी महिला संघाची आणि वडिलांची, पाळक बदलले तरी वही आणि सुरू असलेली कामं चालू राहतील. घरभेटीला दोघांनी जायचं, पावतीपुस्तक न्यायचं नाही. शिफ्टवाल्यांसाठी बुधवारी संध्याकाळी उपासना, महिन्यातून एकदा प्रभुभोजनासह. कॅमेरा व्यासपीठावरच. कमिटीपुढे प्रलंबित असलेल्या व्यक्तींच्या विषयांवर तीन महिन्यांत लेखी निर्णय, संबंधितांना समोर बसवून. ज्या घरी कोविडकाळात मृत्यू झाला तिथे आधी जायचं. दफनाच्या वेळी थकबाकीचा विषय कुणीही काढायचा नाही. हे शेवटचं कलम मी कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही.

काही राहिलं असेल तर सांगा.

वाटेवरचा पाळक (सांगली जिल्हा)

एक राहिलं. घरभेटीत ऐकलेलं कमिटीच्या बैठकीत सांगायचं नाही असं स्पष्ट लिहा. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका घरातली गोष्ट बैठकीतून बाहेर फुटली आणि ते घर कायमचं गेलं. वहीत भेटीची तारीख आणि कुणी भेट दिली एवढंच. मजकूर नाही.

जुना वडील (सांगली)

आणि वही खजिनदाराच्या कपाटात नको.

अजिंक्यतारा (सातारा)

दोन्ही घातलं. प्रत उद्या सचिवांकडे देते.